रंकाळ्यावर चालताना मन कुठे ठेवायचं?

पत्र :

"मी कोल्हापुरात राहते, वय ४६. एका पतसंस्थेत नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी आळत्याला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं. घरी आल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायचं ठरवलं होतं. काही महिने जमलं. मग डबे, सासूबाईंचं दुखणं, मुलाची बारावी, यात सुटलं ते सुटलंच. त्याची रुखरुख रोज वाटते. डॉक्टरांनी साखर काठावर आहे म्हटल्यापासून व्यायाम मात्र नेमाने करते : रंकाळ्यावर चालणं, घरी सूर्यनमस्कार, आठवड्यातून दोनदा डंबेल्स. पण अंग व्यायाम करतं आणि मन ऑफिसात असतं. नमस्कार आठ झाले की नऊ, आठवत नाही. वेगळा वेळ मिळत नाही तर व्यायामातच ध्यान करावं, असं मनात आलं. चालताना श्वासावर लक्ष ठेवून बघितलं, तर श्वास अडकल्यासारखा होतो, छातीत धडधडतं, घाबरायला होतं. दिवसभरही तेच, भाकऱ्या करतानासुद्धा समोर मोबाइल लागतो. माझ्यातच काही कमी आहे का? आणि मैत्रिणी बरोबर असतात, त्यांना बोलू नका म्हणून सांगायचं का?"

ताई,

आधी त्या धडधडीबद्दल. वय ४६, साखर काठावर, आणि चालताना छातीत धडधडतं, ही गोष्ट मी नुसती ध्यानाच्या नावावर टाकणार नाही. श्वासाकडे फार बारकाईने बघण्यातून ती आली असण्याची शक्यता मोठी आहे, त्याचं कारण पुढे सांगते. तरीही हिमोग्लोबिन, थायरॉईड, रक्तदाब आणि एक ईसीजी एवढं करून घ्या. पाळी जायच्या आधीच्या वर्षांत अंगावरून जास्त जाणं आणि त्यातून रक्त कमी होणं आपल्याकडे सर्रास दिसतं, आणि बायका ते दमणूक समजून अंगावर काढतात. श्वासाकडे लक्ष नसतानाही धडधडत असेल, जिना चढताना नेहमीपेक्षा जास्त दम लागत असेल किंवा चक्कर येत असेल, तर तपासणी होईपर्यंत चालण्याचा वेग कमी ठेवा. छातीत दाब वाटला, हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीत कळ गेली, गार घाम सुटला, तर फेरी पुरी करायची नाही. तिथून सरळ दवाखाना गाठायचा.

आता मूळ प्रश्न. तुमच्यात काहीही कमी नाही. हार्वर्डमधल्या किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. २,२५० माणसांना दिवसात अवचित फोनवरून विचारायचे : आत्ता काय करताय, आणि मन त्याच कामात आहे की दुसरीकडे? जवळपास ४७ टक्के वेळा मन दुसरीकडे होतं. एखाददुसरा अपवाद सोडला तर कुठल्याही कामात ते निदान ३० टक्के वेळा भरकटलेलंच सापडलं. त्याच अभ्यासात हेही दिसलं, की मन हातातल्या कामात असताना माणसं जास्त समाधानी होती. मग ते काम कंटाळवाणं का असेना. तुमची तक्रार म्हणजे जवळजवळ सगळ्यांची तक्रार आहे. फरक इतकाच, की तुम्ही दहा दिवस गप्प बसून आलात, म्हणून ती तुम्हाला स्पष्ट दिसते.

आळत्याला तुमच्या बाजूने काय काय होतं, ते आठवून बघा. मोबाइल पहिल्याच दिवशी जमा. पहाटे चारला घंटा. कुणाशी बोलायचं नाही, डबा करायचा नाही, दारावरची बेल वाजत नाही. पहिले तीन दिवस काम एकच, नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. मन गेलं की चिडायचं नाही, परत तिथे आणायचं. हे परत आणणं तुम्हाला शिकवलं गेलं आणि ते तुम्ही विसरलेला नाहीत. नाहीशी झाली आहे ती भोवतालची शांतता. घर, नोकरी, बारावी या सगळ्यात तेच तंत्र जसंच्या तसं चालावं ही अपेक्षा तुम्ही स्वतःकडून करता आहात, आणि ते जमत नाही म्हणून स्वतःला बोल लावता आहात.

माझं म्हणणं थोडक्यात असं. लक्ष ठेवायला एक ठरलेली जागा लागते, आणि ती जागा प्रत्येक कामात वेगळी असते. स्वस्थ बसल्यावर नाकपुडी ही उत्तम जागा आहे. भराभर चालताना ती तशी राहत नाही.

श्वास हे शरीरातलं जरा निराळंच काम आहे. ते आपोआप चालतं आणि आपल्याला हवं तेव्हा हातातही घेता येतं. त्यामुळे त्याच्याकडे टक लावून बघितलं की आपण नकळत तो चालवायला लागतो. बसलेलं असताना याने फारसं बिघडत नाही, कारण शरीराची गरजच थोडी असते. रंकाळ्यावर तुम्ही झपझप चालता तेव्हा पायांच्या स्नायूंना प्राणवायू जास्त लागतो, कार्बन डायऑक्साइड जास्त तयार होतो, आणि तो बाहेर टाकायला श्वास जोरात व्हायलाच हवा. तुमच्या मनात मात्र आळत्याचा तो संथ, बारीक श्वास असतो. तुम्ही तसा करायला जाता. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो, मेंदू 'हवा पुरत नाही' म्हणून ओरडतो, धडधड होते, आणि त्या धडधडीने घाबरायला होतं. घाबरल्यावर तुम्ही श्वासाकडे आणखीच बघता. तेव्हा चालताना श्वास सोडून द्या. तो त्याचं काम करेल. तोंड उघडलं, आवाज झाला, तरी चालेल.

चालताना लक्ष पायाच्या तळव्यांवर ठेवा. टाच टेकते, भार तळव्याच्या बाहेरच्या कडेने पुढे सरकतो, मग चवड्यावर येतो, अंगठा जमीन मागे ढकलतो. हे सगळं एका पावलात बघायला जाऊ नका, इतक्या वेगात ते दिसणार नाही. सुरुवातीला फक्त टाचा : डावी, उजवी, डावी, उजवी. काही दिवसांनी फक्त अंगठ्याचा रेटा. फरसबंदी संपून माती लागली की पायाला ते कळतं, बुटाची नाडी एका पायात जास्त आवळली गेली असेल तर तेही कळतं. अशा बारीकसारीक गोष्टी कळायला लागल्या की समजायचं, आपण जागेवर आहोत. नजर पायाकडे नको. ती समोर, चार-पाच मीटरवर. मान खाली घालून चाललात तर खांदे आवळतील, शिवाय पहाटेच्या अंधारात सायकलवाला अंगावर येईल तो निराळाच.

आणि हे सगळी फेरी करायचं नाही. रंकाळा टॉवरपासून संध्यामठ दिसेपर्यंत, एवढाच टप्पा धरा. तेवढ्यापुरते इयरफोन खिशात. पुढे गाणी ऐका, बातम्या ऐका, काही बिघडत नाही. त्या टप्प्यात मन थकीत कर्जांच्या यादीकडे जाणारच, मार्च जवळ आला की आणखी जाईल. गेलं हे लक्षात आलं की पुढचं डावं पाऊल धरायचं. किती वेळा गेलं ते मोजू नका. पतसंस्थेत दिवसभर हिशेबच करता, इथे तो नको. महिनाभरात तो टप्पा अंगवळणी पडला, तर आपोआप थोडा लांबेल. नाही लांबला, तरी तेवढा पुरे.

वेग मात्र कमी होऊ देऊ नका. ध्यानाच्या नादात चाल मंदावते हे मी पुष्कळ जणांकडून ऐकलं आहे, आणि तुमच्या साखरेला ते परवडणारं नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम सांगते. मध्यम जोर कसा ओळखायचा? चालता चालता बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. झेन मठांत दोन बैठकांच्या मधे सगळे ओळीने संथ चालतात, थेरवादी विहारांत भिक्खू ठरलेल्या पट्ट्यावर ये-जा करतात. ती साधना खोल आहे, पण ती सकाळच्या व्यायामाची जागा घेऊ शकत नाही. तशी चाल हवीच असेल तर रात्री जेवणानंतर गच्चीवर दहा मिनिटं शतपावली करा. तिथे पाऊल उचलणं, पुढे नेणं, टेकवणं, तिन्ही बघता येतात. जेवणानंतर हलकं चाललं की जेवणाने वाढणारी साखर कमी चढते, हा फायदाही पदरात पडतो.

सूर्यनमस्कारांचं वेगळं आहे. तिथे श्वास जरूर धरा, कारण तो हालचालीला जोडलेला आहे. हात वर जाताना छाती आपोआप उघडते आणि श्वास आत येतो, खाली वाकताना पोट दाबलं जातं आणि तो बाहेर जातो. तुम्हाला काही चालवावं लागत नाही, हालचाल संथ ठेवली की झालं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत नमस्कार सुरू केले, त्याचा घरोघर प्रसार केला, आणि आजही महाराष्ट्रात रथसप्तमीला शाळांच्या मैदानांवर नमस्कारांचे कार्यक्रम होतात. त्यातला आकडे वाढवण्याचा सोस मला आवडत नाही. १०८ घातले हे सांगायला बरं वाटतं, पण शेवटचे किती अंगाने घातले आणि किती नुसते उरकले, ते घालणाऱ्यालाच ठाऊक.

मोजणी चुकते म्हणता, तर आकडे सोडा आणि नावं धरा. मित्र, रवि, सूर्य, भानु, खग, पूषन्, हिरण्यगर्भ, मरीचि, आदित्य, सवितृ, अर्क, भास्कर. दर नमस्काराच्या आधी हात जोडून उभं राहायचं, एक नाव म्हणायचं, एक पूर्ण श्वास घ्यायचा-सोडायचा, मग सुरुवात. तो एका श्वासाचा थांबा गाळू नका. घाईत सगळ्यात आधी तोच जातो. भानु झाला की खग हे विसरलात, तर पहिल्यापासून सुरू करू नका. जे नाव आठवेल तिथून पुढे.

नमस्कारात मन निसटतं ते बहुतेक वेळा पाय मागे नेताना. तिथे एक साधी खूण आहे. एका नमस्कारात उजवा पाय आधी मागे गेला, तर पुढे येतानाही तोच आधी यायचा, आणि पुढच्या नमस्कारात डावा. भुजंगासनातून वर उठून पर्वतासनात आलात की तुम्हाला हे आठवायलाच हवं : आता कोणता पाय पुढे घ्यायचा आहे? उत्तर लगेच आलं तर तुम्ही नमस्कारात होता. नाही आलं, तर कोणताही पाय घ्या, नमस्कार पुरा करा, आणि पुढच्या वेळी पाय मागे जाताना तेवढं लक्षात ठेवा.

डंबेल्सच्या बाबतीत जिममधले ट्रेनर सांगतात, ज्या स्नायूचा व्यायाम करताय तिकडे लक्ष द्या. हलक्या वजनाला ते योग्य आहे. कोपरात हात वाकवून वजन वर घेताना दंडाचा पुढचा स्नायू आखडताना जाणवतो, आणि खाली आणताना तीन आकडे मोजत सावकाश आणलं तर तो लांबतानाही जाणवतो. खाली आणण्यात बहुतेकांचं लक्षच नसतं, वजन नुसतं सोडून देतात. पण तोल लागतो असे व्यायाम, म्हणजे बैठका, एका पायावर उभं राहणं, वजन जमिनीवरून उचलणं, यात उलटं करा. गॅब्रिएल वुल्फ या संशोधिकेने गेली अनेक वर्षं यावर काम केलं आहे. लक्ष स्वतःच्या अवयवांवर असण्यापेक्षा हालचालीचा बाहेर जो परिणाम होतो त्यावर असलं, तर तोल आणि सफाई दोन्ही सुधारतात, असं त्यांना पुन्हा पुन्हा दिसलं. म्हणून बैठकेतून उठताना 'माझा गुडघा, माझी मांडी' असं न करता, आपण जमीन खाली ढकलतो आहोत एवढंच मनात धरा. उठणं हलकं होतं.

एक गोष्ट मी जरा ठासून सांगणार आहे. शिबिरात तुम्ही दुखणाऱ्या गुडघ्याकडे, बधिर झालेल्या पायाकडे तटस्थपणे बघायला शिकलात. ते शिकणं मोलाचं आहे, पण ते एका जागी बसलेल्या शरीरासाठी होतं. वजन हातात असताना गुडघ्यात टोचल्यासारखी कळ आली, खांद्यात काही सरकल्यासारखं वाटलं, तर त्याकडे समतेने बघत बसायचं नाही. थांबायचं, वजन खाली ठेवायचं. स्नायू भरून येतात, जळजळतात, ती वेदना दोन्ही बाजूंना सारखी असते, पसरट असते आणि थांबलं की ओसरते. एकाच सांध्यात, एकाच जागी आलेली तीक्ष्ण कळ ही शरीराने दिलेली सूचना आहे. साधक मंडळी नेमकी इथे फसतात. त्यांची सहनशक्ती चांगली असते, म्हणून ती दुखापत उशिरा ओळखतात.

आता भाकऱ्या. दिवसभर सजग राहण्याचा संकल्प अजिबात करू नका, तो संध्याकाळपर्यंतही टिकत नाही आणि वर आणखी एक रुखरुख लावून जातो. दिवसातलं एकच काम निवडा. तुम्ही भाकरीचा उल्लेख केलाच आहे तर तीच घ्या, कारण भाकरीइतकं लक्ष मागणारं काम स्वयंपाकघरात दुसरं क्वचितच असेल. कढत पाण्याने पीठ भिजवून तळहाताच्या टाचेने रगडताना ते कधी सुटं लागतं, कधी लोण्यासारखं होतं, हे हातालाच कळतं. परातीत थापायला लागलं की भाकरी हाताखाली फिरत जाते. काठ कुठे जाड राहिला ते आधी बोटांना समजतं, मग डोळ्यांना. तव्यावर टाकून वरून पाणी फिरवलं की ते सुकत येण्याचा नेमका क्षण गाठायचा असतो. लवकर उलटली तर चिकटते, उशीर झाला तर तडे जातात. समोर रील चालू असेल तर हा क्षण चुकतो, आणि मग न फुगलेल्या भाकरीचा दोष पिठाला लागतो. पहिल्या दोन भाकऱ्या होईपर्यंत मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. तिसरीपासून आणला तरी हरकत नाही. मला वाटतं, काही दिवसांनी तुम्हीच आणणार नाही, पण तो नियम करू नका.

स्कूटरवर मात्र यातलं काही नको. तळवे नाहीत, श्वास नाही, नाव नाही. तिथे सगळं लक्ष बाहेर : आरसा, समोरच्या रिक्षाचा दिवा, शाळा सुटल्यावर मधेच पळत येणारं पोर. दसरा चौकातून नीट घरी पोचणं एवढंच तिथलं काम.

बसण्याची रुखरुख तुम्ही पत्रात पहिल्याच ओळींत लिहिली आहे, त्यावरून ती किती खोल आहे ते कळतं. व्यायामात लक्ष आणणं हा बसून केलेल्या साधनेला पर्याय आहे, असं मी म्हणणार नाही. बसण्यात जे हाती लागतं ते चालण्यात लागत नाही. पण ते दोन तास आज तुमच्या घरात नाहीत, आणि मुलाची बारावी संपेपर्यंत बहुधा नसतीलही. आपल्या केंद्रात चौकशी करा. जुन्या साधकांसाठी सामूहिक साधना असते, तुमच्या गावात कुठे आणि कोणत्या दिवशी ते तिथे सांगतील. आठवड्यातून एकदा तिथे जाऊन तासभर बसा, आणि तिथे जशी शिकवली तशीच साधना करा. माझे तळवे नि नमस्कार त्यात मिसळू नका. घरी रोज दहाच मिनिटं मिळत असतील तर दहा मिनिटं बसा. पुरं एक तास नाही तर काहीच नको, या हट्टापायी सुटलेल्यांची संख्या वेळ न मिळून सुटलेल्यांपेक्षा कमी नसावी, असं मला आलेल्या पत्रांवरून वाटतं.

श्वासाकडे बघून घाबरायला होण्याचा प्रकार रिपोर्ट नीट येऊनही चालूच राहिला, बसल्यावरही होऊ लागला, रात्री झोपेतून जाग यायला लागली, तर डोळे मिटून केलेली कुठलीही साधना काही काळ थांबवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. काही जणांना आत बघितल्याने चिंता वाढते. त्यांच्यासाठी उघड्या डोळ्यांनी, बाहेरच्या गोष्टींवर लक्ष ठेवणंच बरं असतं. केंद्रातल्या आचार्यांनाही हे मोकळेपणाने सांगा.

राहता राहिल्या मैत्रिणी. त्यांना तोडू नका. पहाटे घराबाहेर पडायला, थंडीत आळस झटकायला सोबत लागते, आणि सासूबाईंच्या दुखण्यात मन मोकळं करायला तुम्हाला ती रंकाळ्यावरचीच जागा असेल. त्यांना ध्यान वगैरे समजावून सांगायची गरज नाही. "टॉवरपासून संध्यामठापर्यंत मी गप्प चालते गं, पुढे बोलू," एवढंच सांगा. एखादी हसेल, एखादी रागावेलही दोन दिवस. मग त्यांना सवय होईल.